बाहेर ठिणगी पडते, मग गाडी का सुरू होत नाही?

प्रश्न : माझी मोटारसायकल सतरा वर्षं जुनी आहे. थंडीत सकाळी किक मारून मारून पाय भरून येतो. प्लग काढून, टोपी लावून हेडला टेकवला आणि किक मारली की ठिणगी व्यवस्थित दिसते. मेकॅनिक म्हणतो, करंट येतोय, दोष कार्बोरेटरचा. कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला. कशीबशी सुरू झाली तरी पसरणी घाट चढताना मिस मारते. शेजारी उभा राहून हे सगळं पाहणारा माझा अकरावीतला मुलगा वेगळंच विचारतो : हवेतून वीज वाहत नाही असं पुस्तकात आहे, मग मधली फट ओलांडून ती पलीकडे जाते कशी? – एक वाचक, वाई

उत्तर : मुलाला शाबासकी द्या. तुमच्या गाडीचं दुखणं त्याच्या प्रश्नात सापडतं, म्हणून आधी त्याच्याशी बोलतो.

बाळा, पुस्तकातलं बरोबर आहे. हवेतून वीज वाहत नाही. ठिणगी पडते तेव्हा त्या फटीतल्या केसाएवढ्या रेषेत हवा हवेसारखी राहिलेलीच नसते. तिची तार झालेली असते. आयटीआयमध्ये मी तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात हे एक वाक्य फळ्यावर लिहिलं : वीज उडी मारत नाही, हवेची तार होते. एवढं पक्कं झालं की प्लग, स्विच, लायटर, आभाळातली वीज, सगळ्यांकडे बघायची नजर बदलते.

आता ही तार होते कशी ते बघ. तुमच्या प्लगमधली फट साधारण 0.7 मिलिमीटर असेल. मधला दांडा आणि वरची वाकवलेली पट्टी यांच्यामध्ये हवा आहे. या हवेत काही सुटे इलेक्ट्रॉन कायम भटकत असतात. अवकाशातून येणारे विश्वकिरण आणि जमिनीतल्या दगडमातीतला किंचितसा किरणोत्सार हवेच्या रेणूंना सतत धक्के देत असतो, त्यातून ते सुटतात. संख्या अगदी मोजकी, पण काम त्यांच्यावरच सुरू होतं.

दोन टोकांमध्ये व्होल्टेज चढू लागलं की असा एखादा सुटा इलेक्ट्रॉन धन टोकाकडे ओढला जातो. तो धाव घेतो, वाटेत रेणूवर आदळतो, थबकतो, पुन्हा धावतो. व्होल्टेज कमी असेल तर त्याच्या धडकेने काही बिघडत नाही. पण दोन धडकांमधल्या एवढ्याशा धावेतही पुरेसा वेग मिळाला, की तो ज्या रेणूवर आदळतो त्याचा एक इलेक्ट्रॉन उखडून बाहेर काढतो. आता धावणारे दोन झाले. दोघांचे चार, चारांचे आठ. वीस वेळा दुप्पट झाले की दहा लाखांच्या वर जातात, सत्तावीस वेळा झाले की तेरा कोटींच्या वर. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट तुला ठाऊक असेलच. ती इथे एका मिलिमीटरपेक्षा कमी जागेत आणि सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी वेळात घडते. 1900 च्या सुमारास जॉन टाऊनसेंड या शास्त्रज्ञाने ही वाढ मोजून तिचं गणित मांडलं.

इलेक्ट्रॉनांची संख्या काही कोटींत गेली की त्यांचा लोंढा आणि मागे उरलेले धनभारित रेणू मिळून स्वतःचंच जोरदार विद्युतक्षेत्र तयार करतात. मग वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली जाते. वाट जोडली गेली की तिचा अडथळा एकदम कोसळतो, करंट धावतो, आणि ती रेषा इतकी तापते की सूर्याचा पृष्ठभाग तिच्यापुढे थंड म्हणावा. तापलेली हवा झटक्यात फुगते, तोच आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’. आभाळातला गडगडाट याच आवाजाचा थोरला भाऊ आहे. निळसर रंग मुख्यतः हवेतल्या नायट्रोजनचा.

सुट्या इलेक्ट्रॉनाची गोष्ट निघालीच आहे तर एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1887 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्‌झ रेडिओ लहरींचे प्रयोग करत होता. लहरी पकडणारं त्याचं यंत्र म्हणजे तारेचं एक कडं आणि त्यात अगदी बारीक फट. लहर आली की त्या फटीत ठिणगी पडायची, पण इतकी फिकट की डोळे ताणून बघावी लागायची. नीट दिसावी म्हणून त्याने त्या फटीभोवती काळोखी पेटी बसवली, तर ठिणगी पूर्वीएवढी लांब पडेना. हर्ट्‌झने पेटी काढून फेकली नाही, कारण शोधलं. काच आडवी धरली तर ठिणगी आखूड होते, क्वार्ट्‌झचा तुकडा धरला तर होत नाही. म्हणजे लहरी सोडणाऱ्या यंत्रातल्या पहिल्या, मोठ्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण दुसऱ्या ठिणगीला मदत करत होते, आणि काच ते अडवत होती. हे किरण धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात हे पुढे उमगलं. पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की पुढची दुप्पट-चौपट सोपी होते. एका शोधामागे लागलेल्या माणसाला वाटेत दुसरा शोध सापडला, तो असा.

आता बाबांच्या गाडीकडे येतो.

आठवडी बाजाराच्या गर्दीत कुणाला जोरात पळून बघायला सांगा. दोन पावलं टाकली की कुणावर तरी आदळणार, वेग धरायला जागाच नाही. इलेक्ट्रॉनाचं तसंच होतं. हवा दाबली की रेणू जवळजवळ येतात आणि दोन धडकांमधली त्याची धाव तोकडी पडते. तेवढ्या तोकड्या धावेत रेणू फोडण्याइतका वेग हवा असेल तर ओढणारं व्होल्टेज वाढवावं लागतं. 1889 मध्ये फ्रीडरिश पाशेन याने हा नियम प्रयोगांनी दाखवला : ठिणगीला किती व्होल्टेज लागेल हे नुसत्या फटीवर ठरत नाही, फट आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं.

तुमचा प्लग बाहेर हेडला टेकवता तेव्हा त्याच्या फटीत आपण श्वासात घेतो तीच मोकळी हवा असते. 0.7 मिलिमीटरला तीन-साडेतीन हजार व्होल्ट पुरतात. तोच प्लग आत बसवला की पिस्टन वर येऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण कित्येक पट दाबतो. तिथे त्याच फटीला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. तुमची कॉइल, म्हणजे प्लगसाठी व्होल्टेज चढवणारे तारेचे वेढे, समजा सहा-सात हजारच देत असेल, तर बाहेर ठिणगी झकास पडेल आणि आत काहीच होणार नाही. तुमच्या मेकॅनिकने जे पाहिलं ते खरं होतं, पण ती परीक्षा फार सोपी होती.

घाटात मिस मारण्याचं कारणही हेच. सपाटीवर थोड्या थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरतं, दाब कमी राहतो, अशक्त कॉइल निभावून नेते. पसरणीच्या चढावर तुम्ही थ्रॉटल पूर्ण पिळता, सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि ठिणगी चुकते.

माझ्या वडिलांचं मिरजेत छोटं गॅरेज होतं. मी आठवीत असताना एका दुधवाल्याची मोटारसायकल आली. दोन गॅरेजं फिरून, तीन नवे प्लग बदलून आली होती. बाहेर ठिणगी दिसत होती, गाडी मात्र ढिम्म. वडिलांनी प्लगला हातही लावला नाही. वायर टोपीतून काढली, तिचं उघडं टोक हेडपासून पाव इंचावर कोरड्या लाकडी चिमट्याने धरलं आणि मला किक मारायला सांगितलं. काहीच नाही. हळूहळू टोक जवळ नेलं. दीड-दोन मिलिमीटरवर आल्यावर एक पिवळट, मरगळलेली ठिणगी पडली. “पाव इंच उडाली पाहिजे आणि निळी उडाली पाहिजे,” वडील म्हणाले. मग पॉइंटचं, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांचं, झाकण उघडून दाखवलं. पॉइंट जळून काळे झाले होते. कंडेन्सर गेला होता.

त्या काळच्या गाड्यांत पॉइंट उघडला की कॉइलच्या जाड तारेतला करंट तुटायचा. करंट जितका झटकन तुटेल तितकं बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत व्होल्टेज जास्त चढतं. पण पॉइंट उघडतानाच त्यांच्यात छोटीशी ठिणगी पडली तर करंट तिच्यातून वाहत राहतो आणि तुटणं लांबतं. कंडेन्सर तेवढा क्षणभर करंट स्वतःत घेतो आणि ती ठिणगी पडू देत नाही. प्लगमध्ये ठिणगी पडायला हवी असेल तर पॉइंटमध्ये पडता कामा नये, हे मला त्या दिवशी कळलं. काही रुपयांचा कंडेन्सर बदलला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. दुधवाल्याने घरी एक लिटर दूध आणून दिलं, ते अजून आठवतं.

तुमच्या गाडीत पॉइंट नसतील, त्यांच्याऐवजी सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल. तिथे वायर उघडी सोडून किक मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्शुलेशन फोडून वाट काढते. त्यासाठी बाजारात स्पार्क टेस्टर मिळतो, फट ठरवलेली असते आणि एक टोक बॉडीला लावता येतं. त्यावर सहा मिलिमीटरची निळी ठिणगी सलग पडते का बघा. हे प्लगच्या भोकाजवळ, पेट्रोलच्या नळीजवळ अजिबात करू नका. उघड्या भोकातून मिश्रणाची वाफ बाहेर फेकली जाते, ती पेटते. कुणाला पेसमेकर बसवला असेल तर त्याने या कामात पडूच नये.

ठिणगी कमजोर निघाली तर लगेच कॉइल बदलायला धावू नका. आधी प्लगची टोपी काढून मीटर लावा. तिच्यात बहुधा सुमारे 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो, जुन्या टोप्यांत तो कितीतरी वाढलेला सापडतो. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा घट्ट पिळून बसवा. अंधारात गाडी सुरू करून वायरकडे बघा, चीर असेल तर तिथून बॉडीकडे बारीक ठिणग्या दिसतील. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मळ आणि त्यावर सकाळचं दव असेल तर वीज फटीऐवजी त्या ओल्या मळावरून निघून जाते. वाईत थंडीच्या सकाळी हे नक्की होत असणार. कोरड्या फडक्याने पुसून बघा.

शेवटचं प्लगच्या टोकांविषयी. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, धारेवर विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं. वापरून वापरून कडा गोल होतात, फटही रुंदावते, दोन्हींमुळे गरज वाढते. इरिडियमच्या प्लगचा मधला दांडा 0.4 ते 0.6 मिलिमीटर इतका बारीक ठेवतात तो याचसाठी. साध्या प्लगचा दांडा अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेली फट लावा. मुलाच्या हातूनच लावून घ्या.

प्रश्न : गॅसच्या लायटरला सेल नाही, वायर नाही, तरी वर्षानुवर्षं ठिणगी देतो. एकदा टोकाला बोट लागलं तर सणकून झटका बसला. हे धोक्याचं आहे का? घरातल्या बटणातही कधीकधी ठिणगी दिसते, तीही अशीच का? – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, लायटरच्या आत एक स्प्रिंग, एक छोटी हातोडी आणि विशिष्ट सिरॅमिकचा छोटासा तुकडा असतो. तुम्ही दाबता तेव्हा स्प्रिंग ताणली जाते, सुटते आणि हातोडी त्या तुकड्यावर आदळते. काही पदार्थ दाबले की त्यांच्या दोन बाजूंना व्होल्टेज येतं. हा गुण 1880 मध्ये झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी शोधला. लायटरमध्ये ते काही हजार व्होल्टपर्यंत चढतं, म्हणून टोकाच्या त्या फटीतली हवा तार बनते. सेल तुमचा अंगठा आहे. झटका बसला तरी त्यातली ऊर्जा अगदी थोडी, इजा होत नाही. पण गॅस पेटवायला ऊर्जा लागते तीही मिलिज्यूलच्या अंशाएवढीच. म्हणून घरात गॅसचा वास आला तर लायटर सोडाच, दिव्याचं बटणसुद्धा लावू नका आणि बंदही करू नका. खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर पडा.

बटणातली ठिणगी मात्र वेगळ्या जातीची. हवेत ठिणगी आपण होऊन पडायला, फट कितीही लहान केली तरी, सुमारे 330 व्होल्ट लागतात. आपल्या घरातले 230 व्होल्ट हे सरासरी काढण्याच्या एका पद्धतीचे, त्यांचं शिखर 325 च्या आसपास. म्हणजे घरच्या विजेला कोरड्या, स्वच्छ हवेतून फट ओलांडता येत नाही. बटणात काय होतं, तर आधी चिकटलेले दोन धातू दूर होतात. शेवटचा टेकलेला बिंदू लालबुंद तापतो, वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या धातूच्या वाफेतून करंट चालू राहतो. हवेची तार नव्याने करावी लागत नाही, असलेली तार ताणली जाते. पंखा, मिक्सर यांच्यात तारेचे वेढे असल्याने बंद करताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, म्हणून तिथे ठिणगी मोठी दिसते. एवढीशी क्षणिक चमक चालते. चुरचुर आवाज, जळका वास, तपकिरी डाग किंवा गरम झालेलं बटण यातलं काहीही दिसलं तर मेन बंद करून त्याच दिवशी बदलून घ्या.

प्रश्न : शेतात सौरपंप आहे. पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत मी घरातला नेहमीचा स्विच बसवला. दुपारी बंद केला तर आतून फरफर आवाज आला आणि स्विच वितळला. – एक शेतकरी, जालना

उत्तर : भाऊ, थोडक्यात वाचलात. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. ताणलेली ठिणगी त्या क्षणी विझते आणि तोवर फट वाढलेली असते. पॅनेलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, ती शून्यावर येतच नाही. आठ-दहा पॅनेल एकापाठोपाठ जोडली की तीन-चारशे व्होल्ट होतात. एकदा पेटलेला आर्क, म्हणजे न विझणारी ताणलेली ठिणगी, ऊन आहे तोवर जळत राहतो, तांबं वितळवतो, प्लास्टिक पेटवतो.

तिथे डीसीचाच आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा खास स्विच लागतो, त्यावर डीसीचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्याच्या आत फट झटकन रुंद करायची सोय असते, काहींत चुंबक असतो, तो आर्कला बाजूला ढकलून लांबवतो आणि तोडतो. बंद करायचा क्रम पाठ करा : आधी कंट्रोलरवरून पंप बंद, मग आयसोलेटर. पॅनेलचे कनेक्टर पंप चालू असताना कधीही ओढून काढू नका. आणि तो वितळलेला स्विच स्वतः काढू नका, ऊन असेपर्यंत त्या तारा जिवंत आहेत. पॅनेल बसवणाऱ्या माणसाला बोलवा.

प्रश्न : लोकलच्या टपावर निळी ठिणगी दिसते, ती कशामुळे? – एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : वरच्या तारेला टेकून सरकणारा पॅन्टोग्राफ धक्क्याने क्षणभर सुटतो आणि नाशिकच्या ताईंच्या बटणात होतं तेच मोठ्या प्रमाणावर होतं. आपल्याकडची पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. आता त्या तारेत 25,000 व्होल्ट एसी, म्हणजे घरच्यासारखी दिशा बदलणारी वीज आहे. ती तार सरळ दिसली तरी मुद्दाम नागमोडी बांधलेली असते, म्हणजे पॅन्टोग्राफवरची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजत नाही. फलाटावरून गाडीच्या टपाकडे बघत उभी राहिलीस तर तार डावी-उजवीकडे सरकताना दिसेल.

एक गोष्ट मैत्रिणींना आणि मित्रांना जरूर सांग. 25,000 व्होल्टला हात लावावा लागत नाही. नुसतं जवळ गेलं तरी काही सेंटिमीटर हवेची तार होऊ शकते, आणि ओली छत्री किंवा काठी असेल तर ते अंतर तिनेच भरून निघतं. फोटोसाठी उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढलेली मुलं अशीच जातात, तारेला न शिवता. रेल्वे दोन मीटर लांब राहायला सांगते, तेवढं राहायचंच.